झाकून ठेवलेला पर्जन्यमापक

दोन महासत्ता एकमेकींना घाबरल्या की पोलादपूरच्या डोंगरावरच्या सहा घरांना काय मिळतं, सांगाल?

आम्हाला एक खांब मिळाला. आमच्या वाडीच्या वरचा उतार दर पावसात थोडा खचतो, म्हणून मे महिन्यात महाडहून एका कचेरीची माणसं आली आणि माळावर खांब पुरून गेली. खांबावर पाऊस मोजणारं नळकांडं, सौरपट्टी आणि भोंगा. पाऊस प्रमाणाबाहेर गेला की आकडा उपग्रहावरून कचेरीत पोचणार, भोंगा वाजणार आणि आम्ही घरं सोडायची.

हा उपग्रह काही आमच्या काळजीपोटी जन्मला नव्हता. एका देशानं आकाशात धातूचा गोळा सोडला, तर दुसऱ्यानं चिडून माणूसच चंद्रावर धाडला. शत्रूचं क्षेपणास्त्र कुठून उडतं ते बघायला वर डोळे बसवले. आपल्या क्षेपणास्त्राच्या नाकात मावावी म्हणून चिप लहान केली. घरात येणारी विज्ञान चळवळीची पत्रकं वाचतच मी वाढले, त्यामुळे हे मला पाठ होतं. चुलत्यांना ऐकवलं तर म्हणाले, "म्हंजे जेवनं त्यांची, आन् उष्टं आपल्याला."

बसवणाऱ्या साहेबानं जाताना एवढंच सांगितलं होतं, "नाजूक यंत्र आहे, जपा."

जुलैत मी शहरातून वाडीवर गेले तेव्हा तीन दिवस पाऊस उघडला नव्हता. चुलत्यांच्या गोठ्यामागे जमिनीला भेग पडली होती. गुरं-माणसं घेऊन खालच्या शाळेत जायचं का, यावर घरोघर वाद. "भोंगा कुठं वाजलाय अजून?" असं म्हणून सगळे बसून. मी जांभळीखाली, जिथं रेंज येते तिथं जाऊन कचेरीत फोन लावला.

"मॅडम, तुमच्याकडे पाऊस शून्य आहे."

"अहो, मी घोटाभर चिखलात उभी आहे."

"स्क्रीनवर शून्यच दिसतंय."

चुलत्यांना घेऊन मी माळावर चढले. नळकांड्यावर निळं प्लास्टिक, वर सुतळीचे तीन वेढे. आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या, बांधाबांधीत चुलत्यांनी लाकडं झाकली, पेंढा झाकला आणि उरलेल्या तुकड्यात यंत्रही गुंडाळलं होतं.

"काका, पाऊस मोजायचं यंत्र तुम्ही पावसापासून झाकलंत?"

"जपा म्हनला ना गो तो! भिजून बिघडलं असतं, तर म्हनले असते, वाडीवाल्यांनी मोडलं."

सुतळी सोडली. यंत्र मोजायला लागलं, शून्यापासून. त्याच्या लेखी पाऊस आत्ता कुठं सुरू झाला होता.

परतताना चुलते गोठ्यामागच्या झऱ्यापाशी थबकले. एरवी नितळ असणारं पाणी मातीनं लाल येत होतं. त्यांनी तोंडाशी हात धरून लांब कूक घातली, "निघा रे! डोंगर सुटतोय!" मग कुणी भोंग्याचं नाव काढलं नाही. दुपारपर्यंत सहाही घरं गुरांसकट शाळेत होती. संध्याकाळी उतार खाली आला. गोठा गेला, दोन घरं गेली, खांबही गेला. भोंगा शेवटपर्यंत गप्प.

"मी मारलं असतं रे सगळ्यांना," चुलते शाळेच्या ओट्यावर म्हणत राहिले. त्यांना माझ्याकडे बघवेना.

माझा राग त्यांच्यावर नाही. आता पुन्हा दोन महासत्तांची चंद्रासाठी धाव सुरू आहे, चिप कुणाची बारीक यावर दात-ओठ खाणं सुरू आहे. शत्रूकडे काडी हलली तरी लगेच कळावं म्हणून पिढ्यान् पिढ्या हुशार माणसं राबली. 'हे उघडं ठेवा' एवढं वाक्य आमच्या माळावर पोचवायला मात्र कुणी शर्यत लावली नाही. लावणार तरी कशाला? आमचा डोंगर कुणाचा शत्रू नाही.

तुमच्या वाडीवर असा खांब असेल, तर या आगोटीआधी वर चढून बघा. झाकलेला असेल तर सुतळी सोडा. झाकणाऱ्याला हसू नका. आणि बसवणाऱ्याला वाडीत बोलवा, ओट्यावर बसवा, सगळं समजेल असं मराठीत सांगितल्याशिवाय उठू देऊ नका.