ईनबाईची अठ्ठाविसावी हरकत

देवानं माझ्या ईनबाईला घडवायला घेतली तेव्हा तिनं त्यालाच विचारलं असेल, "माती एवढी पातळ कायले भिजवली?" आणि त्याच रागात त्यानं तिला आमच्या गल्लीत टाकून दिली असेल. हरकत घेण्यात तिचा हात धरील अशी बाई या तालुक्यात झाली नाही, हे मी कुठल्याही कागदावर सही करून सांगायला तयार आहे. सही मला येते, मी चौथी पास आहे. ईनबाई म्हणजे माझी विहीण, लेकीची सासू. राहते समोरच्याच दारात. आमची गल्ली इतकी अरुंद की माझ्या फोडणीचा ठसका तिला लागतो, आणि मग ती तिकडूनच ओरडते, "मोहरी जळली, ईनबाई!" लेक समोर दिली म्हणून वरात चार पावलांची होत होती. लोक हसतील म्हणून नवरदेवाला बाजार, बसस्टँड आणि शाळा असा वळसा घालून आणला, तर ही मांडवाच्या दारात म्हणाली, घोडं डाव्या पायानं आलं. घोड्याला चार पाय असतात, त्यातला कोणता आधी पडला हे घोड्यालाही ठाऊक नसतं. पण घोडं परत शाळेपर्यंत न्यावं लागलं आणि माझा भात गार झाला. भात गार आहे अशीही हरकत तिनंच घेतली.

तिची कचेरी म्हणजे तिची ओसरी. सकाळी सडा-सारवण झालं की हातात अडकित्ता घेऊन ती खांबाशी बसते. समोरून जाणारा कोणी तिच्या तपासणीतून सुटत नाही. दूधवाल्याला सांगते, तुझी म्हैस तुझ्यापेक्षा इमानदार आहे. डॉक्टरनं सुई टोचली तर म्हणते, तिरपी टोचली. शेवया करायला बोलावलं तर खाटेवर वाळत घातलेल्या शेवयांकडे बघून म्हणते, "ह्या शेवया हायेत का सुतळी?" त्याच शेवया मग दोन ताटं भरून घरी नेते. ज्या खांबाशी ती बसते त्या खांबाला माझ्या ईवाईंच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, डोक्याचा तेलकट डाग आहे. ते बिचारे चाळीस वर्षं त्या खांबाला टेकून तिच्या प्रत्येक बोलण्याला "हो" म्हणत बसले. घराला निळा रंग दिला तेव्हा तो खांब तेवढा तिनं सोडायला लावला. रंगवाला म्हणाला, वाईट दिसेल. ती म्हणाली, तू नको पाहू.

ईवाई गेले त्या दिवशीही ती गप्प बसली नाही. भर दुपारी त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्याची गाडी आली, पण गल्लीत शिरेना. तोंडाशीच उभी राहिली. चौघांनी त्यांना बाजेवर घातलं आणि उचललं, तर ही मागून ओरडत होती, "बाज सरळ धरा! माणूस हाय त्याच्यावर, कापसाचं गाठोडं नाही!" वळणावर बाज बसेना, तर तिरपी करावी लागली. तिथंही ती त्या चौघांवर तुटून पडली. पुसदचा मोठा दवाखाना यायच्या आधीच ईवाई गेले. तेरवीच्या जेवणात पोरांनी तिच्या ओरडण्याची नक्कल केली आणि सगळे हसले. मीही हसले, लपवत नाही.

तर अशा बाईच्या गावात गेल्या साली नगरपंचायतीनं ऑटोवर भोंगा लावून फिरवला. गावाचा जुना विकास आराखडा कालबाह्य झाला, पुढच्या वीस वर्षांचा नवा केला आहे, नकाशा कार्यालयाच्या भिंतीवर लावला आहे, नागरिकांनी तीस दिवसांत आपल्या हरकती व सूचना लेखी द्याव्यात. ईनबाईनं अडकित्ता खाली ठेवला. ऑटो थांबवला आणि भोंगा पुन्हा वाजवायला लावला. जन्मभर लोक तिला म्हणत आले, बाई, आता पुरे कर. पहिल्यांदाच कोणी म्हणत होतं, द्या. ती तडक माझ्या चुलीपुढे येऊन उभी राहिली.

"ईनबाई, तुम्हाले लिहिता येते न?"

"येते."

"मंग पेन घ्या. सरकार मांगून राह्यलं."

ती शाळेत एक दिवसही गेली नाही, म्हणून बोलायचं तिनं आणि लिहायचं मी, असं ठरलं. ठरलं म्हणजे तिनं ठरवलं. आधी आम्ही नकाशा पाहायला गेलो. तिथल्या तरुण बाबूनं सांगितलं, पिवळं म्हणजे राहायची घरं. तिनं लगेच विचारलं, "माहं घर निळं हाय, पिवळं काहून दाखवलं?" ही पहिली हरकत. ढोरं सकाळी जिथं गोळा होतात ते आखर नकाशात रिकामी जागा म्हणून दाखवलं होतं आणि तिथं वाहनतळ होणार होता. मोजणीवाले दुपारी आले होते, तेव्हा ढोरं चरायला गेलेली. ती म्हणाली, "दिवसभर एका जागी बसून राहायले ढोरं काय हापिसर हायेत?" बाबू खुर्चीत बसूनच होता, तो जरा सरळ झाला. मसणवट्याला लागून बगीचा दाखवला होता. "मुर्दा जळून राह्यला अन् पोट्टे झोके घेऊन राह्यले, हे काय दिसते का?" पण लगेच तिनं खाली एक सूचना लिहायला लावली, की बगीचा नको, बाकडी मात्र ठेवा, मयतीला आलेल्या म्हाताऱ्या माणसाचे पाय दुखतात.

सगळ्यात मोठी गंमत एका वावरात होती. तिथं चक्क तलाव दाखवला होता, निळाशार. आम्ही दोघी या गावात म्हाताऱ्या झालो, तिथं कधी डबकंही पाहिलं नाही. मग आमच्याबरोबर आलेल्या लेकीनं उलगडा केला. वरून फोटो काढला तेव्हा सोयाबीनच्या गंजीवर निळी ताडपत्री झाकलेली होती. बाबू म्हणाला, आजी, चूक झाली, खोडून टाकतो. तर ही म्हणते, "खोडाचं नाही. सरकारनं तलाव दाखवला, आता सरकारनं खणून द्यावा."

शेवटी बाबूनं आमच्या गल्लीवर बोट ठेवलं. दोन लाल रेघा होत्या. गल्ली नऊ मीटर रुंद होणार होती, आणि ती सगळी समोरच्या बाजूनं. म्हणजे ईनबाईची अर्धी ओसरी जाणार, खांबासकट. माझ्या बाजूचं काहीच जात नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिनं एवढंच विचारलं, "नऊ मीटर म्हणजे किती बाजा?"

बाबूला कळेना. "कसल्या बाजा, आजी?"

"झोपाची बाज. लांबीनं."

त्यानं हसत हिशोब केला. "साडेचार धरा."

तिनं बोटांवर साडेचार मोजले आणि ती चालू लागली. हरकत न घेता निघाली हेच मला विचित्र वाटलं, पण घरी आल्यावर मी ते विसरले, कारण लिहायचं काम अफाट होतं. प्रत्येक अर्जावर तिचा अंगठा. महिनाभर अंगठा निळाच राहिला आणि माझी लेक सांगायची की भाकरीवरही निळे ठसे येतात. "प्रति, माननीय मुख्याधिकारी साहेब" असं मी वर लिहिलं तर त्यालाही हरकत. "हरकत माही अन् पहिले नाव त्याचं?" एकदा बाबू वैतागून म्हणाला, आजी, सगळं एकाच अर्जात लिहून आणा ना. ती म्हणाली, "तू सगळं एकाच घासात जेवतं का?"

असे सत्तावीस अर्ज झाले. गल्लीतली माणसं निर्धास्त होती. कोणाचा ओटा जात होता, कोणाची न्हाणी, पण सगळे म्हणत, या बाईच्या ओसरीला हात लावून सडक काढणार कोण? ती एक अर्ज टाकेल आणि साहेब नकाशा गुंडाळून पळेल. रोज कोणी ना कोणी विचारायचं, ओसरीचा अर्ज दिला का? ती सुपारी कातरत म्हणायची, "ते शेवटी." तिसावा दिवस आला तरी ते शेवटी आलं नाही. मी पेन घेऊन बसले होते. ती म्हणाली, झाकण लावा, शाई वाळते.

सुनावणी शाळेच्या मोठ्या खोलीत होती. टेबलामागे तीन साहेब, आणि अख्खी गल्ली मागच्या बाकांवर. साहेबांनी तिचे सत्तावीस अर्ज एकेक करून वाचले. आखर राहील म्हणाले. तलावाला हसले, तर तिनं दटावलं. मग मधला साहेब म्हणाला, "आजी, तुमच्या गल्लीतल्या सडकेत तुमची ओसरी जाते. त्याबद्दल मात्र तुमचा अर्ज नाही. काही म्हणायचं आहे का?"

"हाय. हरकत हाय."

मागच्या बाकांवर सगळ्यांचा श्वास मोकळा झाला. एकानं तर मांडीवर थाप मारली.

"नऊ मीटर कमी होते," ती म्हणाली. "बारा करा."

साहेबाला वाटलं, म्हातारीला उलटं समजलं. त्यानं समजावून सांगितलं, "बारा केले तर तुमची पूर्ण ओसरी जाईल. समोरच्यांचं अंगणही जाईल."

"समोर माही ईनच राह्यते. जाऊ द्या तिचं अंगण. दिवसभर त माह्याच ओसरीवर बसून राह्यते, तिले कायले पाह्यजे?"

मी उठून उभी राहिले होते. काय बोलणार होते ते आता आठवत नाही, चांगलं नसणारच. पण ती साहेबाकडेच बघत होती. "साहेब, नऊ मीटर म्हणजे साडेचार बाजा. कापसाच्या दिवसात गल्लीत ट्रॅक्टर उभं राह्यते, बाजूले बैलाची बंडी राह्यते. ते उभे असूनबी दवाखान्याची गाडी दारापर्यंत आली पाह्यजे. माह्या माणसाले वळणावर तिरपं करून नेलं. त्याले तिरपं कधी झोपता येत नव्हतं. आता या गल्लीतून कोणाले तिरपं न्यायचं नाही."

साहेबानं लिहून घेतलं आणि तिचा अंगठा घेतला. शाई लावायची गरज पडली नाही.

गल्ली तिच्यावर संतापली आणि मी सगळ्यांत जास्त. आठ दिवस मी बोलले नाही, दार धाडकन लावत राहिले. दार हळू लावावं अशी तिची हरकत लेकीच्या हातून आली. नवव्या दिवशी मी बाजारातून परतले तर माझ्या अंगणात फक्कीची पांढरी रेघ. शाळेतून कबड्डीच्या मैदानाची फक्की मागून आणून, बाज उलथीपालथी करत मोजून, तिनं स्वतः आखली होती. माझी तुळस सडकेत गेली होती.

समोर पाहिलं तर तिनं ओसरी रिकामी केली होती. अडकित्ता, पाट, पाण्याची कळशी, सगळं उंबऱ्याच्या आत. तेव्हापासून ती उंबऱ्याच्या आतच बसते, खांबापासून दोन हात लांब. कोणी सवयीनं ओसरीवर टेकलं तर ओरडते, "सडकेवर बसू नका! गाडी येऊन राह्यली!" बाबू सांगतो, कागद वर गेले आहेत, बारा होतात का नऊ तेच ठरलं नाही, मग मंजुरी, मग पैसा, कितीतरी वर्षं जातील. तिला सांगितलं तर म्हणते, सडक येईल तेव्हा येईल, आपण मधात नसावं.

माझा मुलगा वणीला आहे. या घरात मी एकटी. आम्ही दोघी सत्तरीच्या पुढे. कोणाच्या दारात दवाखान्याची गाडी आधी लागते आणि तोवर सडक येते का, हे तो नकाशा काही सांगत नाही. परवा सकाळी मनात आलं तशी मी तुळशीचा डेरा कुशीत धरून मागे ओढला. जड होता, कंबर धरली. समोरच्या उंबऱ्याआतून अडकित्त्याचा आवाज थांबला.

"अजून अर्धा हात, ईनबाई."

मी अर्धा हात सरकवला.