मामाचा मान आणि डासांची पंगत

आता काय सांगू तुम्हाला, मुलगी बघायला पाहुणे येणार म्हटल्यावर बाप काय करतो? पोह्यांची सोय बघतो. मी डासांची बघितली!

आमच्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून दारात पिंपं भरलेली. त्या पिंपांच्या कृपेने संध्याकाळी घरात आमच्यापेक्षा डासच जास्त. मंद्रूपच्या पाहुण्यांना डासांनी फोडून काढलं तर माझ्या सुमीचं जमता जमता मोडायचं. कॉइल लावावी तर नवऱ्या मुलाला धूर सोसत नाही, असा आधीच निरोप आलेला.

पण माझ्याकडे जालीम उपाय होता. माझा मेव्हणा दत्तू, मैंदर्गीचा. अंगाने आडवा, बसल्या जागी घामाघूम, श्वास भात्यासारखा. डास माणूस हुडकतात ते श्वासावर आणि घामाच्या वासावर, असं मी वाचलं होतं. दत्तू असला की बाकी कुणाला डास शिवत नाही, हा तर अनुभवच. त्याला अगत्याने बोलावून पाहुण्यांच्या मधोमध बसवला. बिचारा खूश झाला.

दिवेलागणीला डास आले ते थेट दत्तूवर उतरले. तो आधी मान खाजवायला लागला, मग पोटऱ्या, मग पाठ, तीही भिंतीला घासून. पाहुणे सरकत सरकत सतरंजीच्या टोकाला गेले.

मुलाचे वडील खाकरले. "हे कोण म्हणायचं?"

"मुलीचे मामा."

"सख्खे?"

"सख्खे."

"मग ही खाज आईकडनं येती व्हय?"

झालं! स्थळ हातचं जायला लागलं. घाबरून मी खरं बोलून बसलो. "खाज कसली, डास हायत ओ. चावती ती मादी. अंड्यासाठी रगत लागतं तिला. सोंड खुपसून थुंकती, म्हंजे रगत गोठत न्हाय. त्या थुंकीनं खाजतंय. तुमाला चावू नये म्हणून तर ह्याला मधी बसवलाय की."

दत्तू खाजवायचा थांबला. "म्हंजे दाजी, मान म्हणून न्हाय बोलावलं मला? मग लग्नात सुमीच्या मागं मामा म्हणून एकादा डासच उभा करा."

आणि निघून गेला. आता डासांनी खोलीत दुसरं गिऱ्हाईक शोधलं. मुलगी पसंत पडायच्या आधी मी पसंत पडलो!

मला खाजवताना बघून मुलाच्या वडिलांना हसू आवरेना. "पोरगी पसंत हाय. पण आमचा पोरगा सासरी आला की त्याला कुटं बसवणार, तेवडं आदी सांगा."

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "कुटंबी बसू द्या की. मधी हे बसतील."

दत्तूची समजूत काढायला टॉवेल-टोपी घेऊन मैंदर्गीला जावं लागलं, तेव्हा कुठे लग्न लागलं. बायकोने मात्र शब्द पाळला. जावई आले की मी बनियन काढून मधोमध बसतो. लेकीचं पहिलं बाळंतपण बापाने करायचं, ही आपली रीत. सुमीचं अजून यायचंय. तोवर मी डासांच्या माद्यांची उरकतोय!