खोलीच्या खोडी सांगणारे तात्या

बारामतीला कालव्याच्या अंगाला तात्यांच्या दोन खोल्या होत्या. हवापालटाला येणाऱ्यांना ते त्या भाड्याने देत. खोली दाखवताना मात्र आधी तिच्या खोडी सांगत. "ह्या कोपऱ्यात मुंग्या निघत्यात. ही खिडकी लागत न्हाय, दगुड ठेवावा लागतो. दुपारी पत्रा तापतो, तवा मला शिव्या द्यायच्या न्हाईत." मी विचारलं, "मग घ्यायची कुणी?" तर म्हणाले, "ज्याला ऱ्हायचंय त्यानं."

अशा माणसाला माझ्या सासुरवाडीला चाळीस वर्षं लबाड म्हटलं गेलं. ते माझ्यामुळे.

दुसऱ्या महायुद्धाच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. माझं नुकतंच लग्न झालं होतं. सासऱ्यांना दमा. डॉक्टरांनी महिनाभर कोरड्या हवेत राहायला सांगितलं आणि जागा ठरवायचं काम नव्या जावयाकडे आलं. दिवाळी होताच मी दौंडला गाडी बदलून बारामती गाठली. खोडी सांगता सांगता तात्यांनी कुंपणापलीकडच्या छपराकडे बोट केलं. "ते गुळाचं गुऱ्हाळ. आता थंड हाय, पर नाताळात रातंदिस पेटलेलं असतंय. वारा फिरला की धूर सरळ हितं. कुनी छातीचं आजारी न्हाय न्हवं?"

परतीच्या गाडीची वेळ झाली होती. सासऱ्यांपुढे रिकाम्या हातानं जायची लाज वाटत होती. मी म्हणालो, "छे, सगळे ठणठणीत आहेत." आणि पुण्यात येऊन सांगितलं, "हवा एकदम शुद्ध."

तात्यांना लिहिता येत नव्हतं, तरी दर आठवड्याला ते कुणाकडून तरी कार्ड लिहवून घेत. गाद्या चारच आहेत, पाचवी आणा. शेळीचं दूध मिळेल. कंदिलाची काच तडकली आहे, येताना एक घेऊन या. सासरे ती कार्डं मोठ्यानं वाचायचे. "माणूस सरळ दिसतो," असं तेच म्हणाले होते.

नाताळात आम्ही उतरलो आणि दुसऱ्याच सकाळी वारा फिरला. सासरे खोकून खोकून काळेनिळे झाले. श्वास जरा सापडताच तात्यांवर कडाडले, "शेजारी भट्टी आहे हे लपवून खोल्या गळ्यात मारल्यात! असा लबाड माणूस पाहिला नाही!"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. "चुकलं, आबा," एवढंच बोलून ते बैल जुंपायला गेले.

शेळगावच्या माळावर त्यांच्या भावाचं घर होतं. पूर्वी मेंढरं राखणारं, आता ज्वारी करणारं. तिकडे धुराचं नाव नव्हतं. तात्यांनी गाडीत कडबा अंथरून सासऱ्यांना निजवलं. वाटेत बैलांना पाणी पाजताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "जावईबापू, आत्ता काय बोलू नका, म्हाताऱ्याचा जीव भडकंल. पर बरं वाटलं की सांगा त्येंना. खोल्या रिकाम्या ऱ्हाईल्या तर ऱ्हाऊंद्या. लबाड म्हनलं, ते लागलं मला."

"सांगतो," मी म्हणालो.

सासरे बरे झाले. महिनाअखेर ते माळाच्या टोकापर्यंत न थांबता जाऊन येत आणि भाकरी जाड झाली म्हणून तात्यांच्या भावजयीशी हुज्जत घालत. "आबा, आता तुमी नांगर बी धराल," ती म्हणायची. निघायच्या दिवशी तात्या स्टेशनवर आले, माझ्याजवळ उभे राहिले. मी वळकट्या बांधत राहिलो.

सासरे पुढे वीस वर्षं जगले. कुणी हवापालटाला जागा विचारली की म्हणत, "कुठेही जा, त्या लबाडाकडे जाऊ नका." त्यांचा गोतावळा मोठा होता. पुण्याहून तात्यांकडे जाणं थांबलं. मी समोर बसून चहा पीत असे. तात्या गेल्याचंही मला फार उशिरा कळलं.

गेल्या महिन्यात बायकोची भावंडं जेवायला जमली होती. धाकटा मेहुणा हसत हसत "त्या लबाडाची" गोष्ट सांगू लागला. या वेळी मी त्याला थांबवलं आणि सगळं सांगितलं. बायको म्हणाली, "तेव्हाच सांगितलं असतं तर आबा दोन दिवस ओरडले असते. एवढंच ना?"

मी ताट उचलून मोरीत नेऊन ठेवलं.

मेहुण्यालाही आता वडिलांचाच दमा आहे. हात धुऊन तो माझ्याजवळ येऊन बसला. "तात्यांच्या घरी आता कोण असतं?" त्यानं विचारलं. "पत्र कुणाच्या नावानं टाकायचं?"