इटालियन गाडीचं डावं मडगार्ड

बॉनेट बसेना. उजवीकडे कागद सरकणार नाही इतकं घट्ट, आणि डावीकडे माझं बोट आरपार जाईल एवढी गॅप. बिजागऱ्या सैल केल्या, पुन्हा आवळल्या. डावीकडून दाबलं की उजवीकडून उचलायचं. शेवटी पाना फेकून दिला आणि गाडीसमोर फरशीवर फतकल मारून बसलो.

ट्रॅक्टर असता तर दोन हातोडे जास्त मारले असते. ही गाडी इटलीची. दोन दारांची, लांब नाकाची, ग्रँड टूरर. म्हणजे इंजिन शर्यतीच्या गाडीसारखं, पण आत ऐसपैस चामड्याच्या सीटा आणि मागे बॅगा ठेवायला जागा. दोघांनी बसावं आणि लांबचा पल्ला झपाट्यानं मारावा, अशासाठी केलेली. मलकापूरच्या इक्बालसेठच्या वडिलांनी ती मुंबईत एका मायदेशी निघालेल्या परदेशी साहेबाकडून घेतली होती. कापसाचे सौदे करायला ते हिच्यातूनच जायचे. ते गेले आणि गाडी जिनिंगच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडली.

मी डेंटर. ठोकलेला पत्रा सरळ करणं हा माझा धंदा, खामगावात गॅरेज आहे. इक्बालसेठ गाडी घेऊन आले आणि म्हणाले, "मिस्त्री, अब्बाच्या टाइमले होती तशीच पायजे." पुण्यात जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन होतं. तिथे चमक कोणी विचारत नाही, गाडी अस्सल किती उरली आहे ते तपासतात.

पहिला झटका मला लोहचुंबकानं दिला. जुनी गाडी आली की आम्ही आधी तिच्यावर चुंबक फिरवतो. पुट्टीचा जाड थर असला की तो चिकटत नाही, मग कळतं इथे आधी कोणीतरी लपवाछपवी केली आहे. या गाडीवर तो कुठेच चिकटेना. छत, दार, डिकी, कुठेच नाही. बापा! अख्खी गाडी पुट्टीचीच की काय? घाबरत घाबरत एका कोपऱ्यात खरडलं तर आत ॲल्युमिनियम. वजन कमी राहावं म्हणून इटलीवाल्यांनी ते हातानं ठोकून केलेलं. माझ्या जिवात जीव आला.

आणि मग डाव्या मडगार्डला चुंबक खट्टकन चिकटला.

लोखंड! कधीकाळी गाडी त्या बाजूनं ठोकली असणार आणि कोणा महाभागानं ट्रकला लावतात तसला पत्रा वाकवून लावून दिलेला. मूळचं मडगार्ड कुठे गेलं, ते सेठलाही ठाऊक नव्हतं. "मी लहान होतो मिस्त्री. गेलं असन भंगारात."

तेव्हा नवं करणं भाग होतं. उजव्या मडगार्डवरून पुठ्ठ्याचे फर्मे कापले, उलटे केले, आणि वाळूच्या थैलीवर ॲल्युमिनियमचा पत्रा ठेवून लाकडी हातोड्यानं डावं मडगार्ड घडवलं. असं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. येता-जाता त्यावरून हात फिरवायचो. दोन्ही बाजू आरशात पाहावं तशा सारख्या. आणि आता बॉनेट बसत नव्हतं.

सेठनं पुण्याच्या सल्लागाराला व्हिडिओ कॉल लावला. प्रदर्शनात गाडी कशी मांडायची ते हेच साहेब ठरवणार होते. त्यांनी गॅप पाहिली आणि म्हणाले, "मडगार्ड चुकलंय तुमचं."

"सर, माप घेऊन केलंय. दोन्ही बाजू सारख्या आहेत."

"सारख्या असत्या तर बॉनेट बसलं असतं ना? हे बघा, राग मानू नका. ट्रॅक्टर-ट्रॉलीवर हात बसला की असं होतं. हे नाजूक काम आहे. गाडी तुम्ही इकडे पाठवून द्या."

फोन बंद झाला. सेठ माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका मिस्त्री. पन हे तुमच्या हातचं नाई दिसून राह्यलं. मी ट्रेलर सांगून ठेवतो."

तोंडात मारल्यासारखं झालं मला. ट्रॅक्टर-ट्रॉली म्हणे! त्या साहेबाला फोनमधून बाहेर ओढावं असं वाटलं. पण खरं सांगू? रागापेक्षा भीती मोठी होती. गाडी अर्धवट परत गेली असती तर जिल्हाभर बोभाटा झाला असता, ते एक. त्याहून वाईट म्हणजे माझाच माझ्या हातावरचा भरवसा उडाला होता. घरी चहा घेताना कप खाली ठेवून मी हाताकडेच बघत बसायचो. बायको म्हणाली, "काय पाह्यता? मेहंदी काढली का?" मला हसूही येईना.

सेठ माणूस दिलदार. ट्रेलर यायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला वडनेर भोलजीजवळच्या त्यांच्या शेतावर जेवायला बोलावलं. कडवटपणा राहू नये म्हणून. मी मात्र चार शब्द सुनवायच्या तयारीनंच गेलो होतो.

पानं मांडली, आणि मी हात धुवायला विहिरीकडे गेलो. शेत राखणाऱ्या शांताबाई बकऱ्यांना पाणी पाजत होत्या. त्यांनी टाक्यात बादली ओतली तसा जो आवाज आला, तो लोखंडाचा नव्हता. मी वळून पाहिलं. लांबट टाकं, एका टोकाला निमुळतं, बुडाला गोलाई, कलू नये म्हणून दोन्हीकडून दगड लावलेले. निमुळत्या टोकाला डांबर फासून स्टीलचं ताट चिकटवलेलं. ताट कशाला? भोक बुजवायला. एवढं गोल भोक कशाचं?

हेडलाइटचं!

मी धावतच गेलो. बकऱ्या हुसकल्या आणि टाकं उपडं केलं. सगळं पाणी शांताबाईंच्या पायावर.

"अवो माय! काय करून राह्यले मिस्त्री? तहानल्या ना माह्या बकऱ्या!"

"हे टाकं कुठून आणलं तुम्ही?"

"आणतो कायले? माह्या सासूपासून हाये हे इथं. बुढ्या सेठनंच देल्लं. म्हने फेकू नोका, कामी येईन."

मी असा ओरडलो की सेठ तोंडातला घास तसाच घेऊन पळत आले. "काय झालं? साप हाये का?"

"तुमच्या अब्बाचं मडगार्ड हाये!"

सेठ बघतच राहिले. ताटाकडे, डांबराकडे, माझ्याकडे. मग खाली बसून त्या पत्र्यावर हात ठेवून म्हणाले, "मिस्त्री, लहानपनी मी याच्यात बसून आंघोळ केली."

त्या दिवशी पानं तशीच राहिली. टाकं जीपमध्ये टाकलं आणि थेट खामगाव. डांबर काढलं, पाण्याचा पांढरा थर घासून काढला. आतल्या बाजूला दोन आकडे ठोकलेले निघाले. बॉनेटच्या खालीही तेच दोन आकडे होते, रोज पाहत होतो मी ते. हातानं घडवलेल्या गाड्यांच्या पत्र्यांवर असा नंबर टाकायचे, कारण एका गाडीचा पत्रा दुसरीला बसायचा नाही.

पुढचा पोचा काढला आणि ते माझ्या मडगार्डशेजारी ठेवलं. जुनं मी केलेल्यापेक्षा बोटभर उंच. जेवढी गॅप, तेवढंच! इटलीतल्या कारागिरांनी नजरेनं ठोकलं होतं सगळं. उजवं एक झालं, डावं एक झालं, आणि बॉनेट त्या दोघांना पाहून बेतलं. मी बरोबर होतो हो! गाडीच जन्मापासून वाकडी होती, आणि मी तिला सरळ करायला निघालो होतो.

जुनं मडगार्ड चढवलं. बॉनेट हळूच सोडलं. खट्ट. बसलं. सेठ रडले, मीही रडलो. मिस्त्री माणसाला रडायला लाज कसली?

सल्लागार साहेबांना फोटो पाठवले. लगेच फोन आला. "हे ओरिजिनल पॅनल? कुठे मिळालं तुम्हाला?"

"बकऱ्यांकडे."

सेठनं ट्रेलर आठ दिवस पुढे ढकलला; आला तो पूर्ण झालेली गाडी घेऊनच गेला, आणि प्रदर्शनात ती अस्सल ठरली.

राहिल्या शांताबाई. त्यांनी गॅरेजमध्ये येऊन मला धारेवर धरलं. "तुमची गाडी झाली. माह्या बकऱ्याईनं पानी कशात प्यावं?" सेठ सिमेंटचं टाकं बांधून देतो म्हणाले. मी नको म्हटलं. माझ्या मडगार्डच्या हेडलाइटच्या भोकावर मी स्वतः ॲल्युमिनियमची चकती वेल्ड केली आणि वडनेरला नेऊन दगडांत बसवलं.

आता जुनी गाडी आली की चुंबक काढण्याआधी मी मालकाला विचारतो, शेतावर जनावरं पाणी कशात पितात? लोक मला येडा समजतात. समजोत. माझ्या हातचं सगळ्यात नेमकं काम वडनेरला विहिरीजवळ आहे. थेंबभर गळत नाही, आणि बकऱ्यांनी अजून पुण्याला फोन केलेला नाही.