माळणीची वेगळी विळी

मंगरूळपीरच्या वेशीबाहेर एका माळीणबाईचा वांग्यांचा मळा होता. मी कचेरीत जाताना ती मला रोज दिसायची, पण नाव कधी विचारलं नाही. तिच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि घरात अंडंसुद्धा शिजत नसे. पण मळ्यात शिरलेल्या रानडुकराशी भिडताना तिच्या कुत्र्याचा जबडा मोडला, आणि तेव्हापासून ती खाटकाकडून कच्चं मांस आणू लागली.

त्यासाठी गोठ्यात वेगळी विळी होती, वेगळा पाटा-वरवंटा होता. बसण्याआधी ती माळ पाठीवर सरकवायची. मग मांस चिरून, वाटून अगदी लोण्यासारखं करायची आणि बोटानं कुत्र्याच्या जिभेवर ठेवायची. ते झालं की विहिरीवर अंघोळ करूनच घरात जायची.

भजनी मंडळींनी तिला बजावलं होतं, हे बंद कर, नाहीतर माळ काढ. मी एकदा विचारलं, "मग काय ठरवलं, बाई?"

वरवंटा न थांबवता, कुत्र्याकडे मान करून ती म्हणाली, "त्यात ठरवाचं काय, बापू? माळ मी घातली. त्यानं थोडीच घातली?"

त्या गावात माळकरी पुष्कळ होते. माझ्या लक्षात राहिली ती पाठीवर सरकवलेली एकच माळ.