दोन ग्लास पाण्यावर उभा मामा

मी उभा राहिलो की पडतो. बसलेला असताना माझ्याइतका भक्कम माणूस नाही, आडवा असताना तर प्रश्नच मिटला. फक्त बसण्यातून उभं राहण्याकडे जाताना मधेच कुठेतरी माझं डोकं मागे राहतं. आयुष्यभर कचेरीत खुर्चीवर बसून नोकरी केली, त्यामुळे हा दोष निवृत्त होईपर्यंत कुणाच्याच लक्षात आला नाही.

लक्षात आला तो थेट ऋचाच्या साखरपुड्यात. ऋचा माझी भाची. ताईचं घर नांदगावला आणि पोरीचं कॉलेज नाशकात, म्हणून ती अकरावीपासून आमच्याकडेच वाढली. मुलाकडचे सटाण्याचे, मोकळ्या मनाची माणसं. खाली बैठक घातली होती. मी बराच वेळ मांडी घालून बसलो होतो आणि सकाळपासून चहाशिवाय पोटात काही ओलं गेलं नव्हतं. गुरुजी म्हणाले, "मुलीचे मामा पुढे या," आणि मी रुबाबात ताडकन उठलो. पुढचं मला आठवत नाही. (इतरांना अगदी बारकाव्यांसह आठवतं.) डोळे उघडले तेव्हा माझं डोकं मुलाच्या वडिलांच्या मांडीवर होतं आणि ते टोपीनं मला वारा घालत होते.

"काय व्हयनं भाऊ?" त्यांनी अहिराणीत काळजीनं विचारलं.

मी झोपल्या झोपल्या हात जोडून "नमस्कार" म्हटलं.

डॉक्टरांनी मला झोपवून बीपी बघितलं, मग उभं करून बघितलं आणि घाईघाईनं परत झोपवलं. उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं, धडधाकट माणसाचं शरीर ते लगेच वर ढकलतं, तुमचं शरीर जरा विचार करत बसतं, असं त्यांनी समजावलं. दिवसाला पाणी किती पिता, असं विचारलं तेव्हा मी चहा धरायचा का, असं विचारलं. त्यावर त्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं आणि ते माझ्या बायकोशी, सुनंदाशी, बोलू लागले. जास्त वेळ उभं राहायचं असेल तर आधी दोन ग्लास पाणी द्या, घोट घोट नाही, एका दमात. थोड्या वेळात बीपी वर येतं आणि तासभर बरं टिकतं. उभ्या उभ्या पायावर पाय टाकून पोटऱ्या आवळायला सांगा. आणि भरपेट जेवून चटकन उठू देऊ नका. हे शेवटचं वाक्य आम्ही दारापाशी पोचल्यावर आलं, त्यामुळे ते तिथेच राहिलं.

आता खरा पेच होता लग्नाचा. मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या मागे मामा उभा राहतो. बसत नाही, टेकत नाही, उभा राहतो! आणि आमच्या नवरीचा मामा म्हणजे मी. मुलीच्या मागचा मामा ऐन मुहूर्तावर कोसळला तर लोक बीपी म्हणत नाहीत, अपशकुन म्हणतात. आणि ते बोलणं माझ्या वाट्याला येत नाही, सासरी पोरीला ऐकावं लागतं. ताईनं दोन रात्री झोप न घेता तोडगा काढला. आमचा नांदगावचा चुलतभाऊ वसंता, म्हणजे नात्यानं तोही मामाच, त्याला उभं करायचं. वसंता उभ्यानं जेवतो, उभ्यानं चहा पितो, ट्रॅक्टरसुद्धा अर्धा उभा राहून चालवतो.

मीही शहाण्यासारखी मान डोलावली. पण त्या संध्याकाळी ऋचा माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "मामा, अकरावीच्या ॲडमिशनला रांगेत कोण उभं होतं? माझ्या मागे तूच पाहिजेस. पडलास तरी चालेल."

मी उठून आत गेलो. (हळूहळू, भिंतीला धरून.)

वसंताला राखीव ठेवायचं ठरलं. मी नवरीच्या मागे, वसंता माझ्या मागे. "दादा, तू फिकर करू नको. मी हाय ना मागं," असं म्हणून त्यानं मला तिथल्या तिथे झेलून दाखवायची तयारी दाखवली.

लग्न दिंडोरी रोडवरच्या एका लॉन्सवर, वैशाखात, भर दुपारच्या मुहूर्तावर. त्यात आमच्याकडे मुलीच्या आईवडिलांनी आणि मामानं लग्न लागेपर्यंत उपास करायचा असतो आणि ताईच्या मते उपास म्हणजे पाणीसुद्धा नाही. गुरुजी म्हणाले, पाण्याला हरकत नाही. ताई म्हणाली, तुमच्याकडे नसेल, आमच्याकडे आहे. गुरुजींनी लगेच पंचांगात डोकं घातलं. सुनंदानं वादच घातला नाही. तिनं रुखवताच्या मागे, सजवलेल्या सुपाच्या आड पाण्याच्या बाटल्या लपवल्या आणि मला खूण करून ठेवली, वरात फाटकाशी आली की आत यायचं.

वरात आली. मी रुखवतामागे जाऊन दोन ग्लास पाणी एका दमात घशाखाली उतरवलं आणि छाती काढून बाहेर आलो. पण वरात फाटकात आली म्हणजे मांडवात आली असं नव्हे, हे आम्ही विसरलो होतो. सटाण्याची मंडळी नाचायला लागली ती लागलीच. घोड्यावरचा नवरा उन्हानं लाल झाला, घोडा कंटाळला, वाजंत्रीवाल्यांचा सदरा अंगाला चिकटला, तरी नाच थांबेना. सुनंदा एकदा माझ्याकडे आणि एकदा घड्याळाकडे बघत होती.

"उतरलं असेल," ती म्हणाली.

"काय?"

"बीपी. चला आत."

पुन्हा दोन ग्लास. बाहेर आलो, तर आता सीमांतपूजनाचा काहीतरी घोळ. मग नवऱ्याच्या मामाचा फेटा सापडेना. सुनंदानं धोका पत्करायचा नाही असं ठरवलेलंच होतं. तिसऱ्यांदा रुखवतामागे गेलो तेव्हा मी म्हटलं, अगं, पोटात हौद झालाय, चालताना आवाज येतो. पण तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. सकाळपासून तिनंही धसका घेतला होता. मी निमूटपणे बाटली तोंडाला लावली.

आणि नेमका तेव्हाच पुकारा झाला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!"

इथे माझ्या पोशाखाबद्दल सांगायला हवं. मी सोवळं नेसलो होतो. म्हणजे ते मला वसंतानं नेसवलं होतं आणि सुटू नये म्हणून आतून बाहेरून पिना मारल्या होत्या. एकदा निघालं की परत नेसवायला वसंता, सुनंदा आणि अर्धा तास एवढं सगळं लागणार. आणि स्वच्छतागृह लॉन्सच्या पार दुसऱ्या टोकाला. मी त्या दिशेला एक आशाळभूत नजर टाकली आणि ऋचाचा हात धरला. तिचा हात थंडगार होता. माझी पावलं घाईत होती, पण ते कारण वेगळं होतं.

अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली. पहिल्या 'सावधान'ला मी स्वतःची तपासणी केली. डोळ्यांपुढे अंधारी नाही, कानात शिटी नाही, डोकं जागेवर. पाण्यानं काम चोख केलं होतं. फक्त आता ते दुसऱ्या कामाला निघालं होतं.

गुरुजींची संपली तेव्हा मला वाटलं सुटलो. पण नवऱ्याच्या आत्यानं माइक घेतला. तिनं स्वतः रचलेल्या मंगलाष्टकात दोन्ही घराण्यांतली झाडून सगळी नावं होती. मी पायावर पाय टाकून पोटऱ्या आवळल्या. डॉक्टरांनी सांगितलेला तो व्यायाम दोन्ही संकटांवर चालतो, हे त्यांना तरी माहीत असेल का कोण जाणे! आत्या मुलाच्या पणजोबांपर्यंत पोचली तेव्हा मी आवळत होतो, डुलत होतो, घामानं निथळत होतो. मागून वसंताचा श्वास मानेवर येत होता. तो दोन्ही हात पसरून उभा होता. समोर पहिल्या रांगेत ताईनं डोळे मिटून देवाचं नाव चालवलं होतं, आणि अंतरपाटापलीकडून मुलाचे वडील माझ्यावर नजर ठेवून होते.

ऋचानं किंचित मान वळवली. "मामा, ठीक ना?"

"तू पुढे बघ," मी दात आवळून म्हटलं.

शेवटचं 'सावधान' झालं, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली. मी उभा होतो! एक क्षण मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. पोरीच्या मागे शेवटपर्यंत उभा राहिलो होतो. पुढच्या क्षणाला मी मंचावरून उतरलो आणि सोवळ्याच्या निऱ्या मुठीत धरून लॉन्सच्या दुसऱ्या टोकाला धावलो. मागे वसंताही धावला, कारण मी पडायलाच चाललोय अशी त्याची समजूत झाली होती.

अर्ध्या तासानं, सोवळं पुन्हा नेसून परत आलो तर वातावरण भारलेलं. ताई पदर डोळ्यांना लावून बसलेली. आत्या सगळ्यांना सांगत होती, मामाला गलबलून आलं, पोरीसमोर रडायला नको म्हणून बिचारा पळत दूर गेला. चारदोन बायकांनी माझ्याकडे बघून डोळे पुसले. मी खाली मान घालून उभा राहिलो. तेवढा मान आयुष्यात मला आधी कधी मिळाला नव्हता, मग मी तो ठेवून घेतला.

मग काय, जेवलो. दिवसभराचा उपास, वर विजयाचा आनंद. मसालेभात, बटाट्याची भाजी, जिलेबीवर जिलेबी. आग्रह करायला मुलाचे वडील स्वतः आले आणि त्यांच्या मनासारखा मी जेवलो. पाण्याला मात्र हात लावला नाही. त्या दिवशीचं माझं पाणी पिऊन झालं होतं. जेवण झाल्यावर खुर्चीत रेलून बसलो होतो, तेवढ्यात हाक आली, "मामा, चला, पाठवणी!"

मी रुबाबात ताडकन उठलो.

गाडीपर्यंत कसा पोचलो ते आठवतं. ऋचा गळ्यात पडून रडली तेही आठवतं. मीही रडलो, अगदी खरं रडलो, अंगात उरलंसुरलं पाणी होतं तेही गेलं. ती गाडीत बसली, गाडी हलली. मी निरोपाचा हात वर केला आणि कानात शिटी वाजली. मी वसंतासाठी मागे हात पसरले. वसंता मठ्ठ्याच्या पातेल्यापाशी होता.

पाठवणीनंतर मुलीनं मागे वळून बघायचं नसतं म्हणतात. आमची पोरगी शालू सावरत गाडीतून उतरून, पाण्याची बाटली घेऊन पळत आली. माझ्यामुळे ती पाठवणी झाल्यावर दोन मिनिटांत माहेरी परत आली. (ताईनं हे अजून मला माफ केलेलं नाही.) डोळे उघडले तेव्हा डोक्याखाली ओळखीची मांडी होती आणि वर ओळखीची टोपी हलत होती.

मी हात जोडले. नमस्कार म्हणणार, तोच व्याही म्हणाले, "पडी ऱ्हावा भाऊ. आते आमले सवय व्हई गयी."

लग्नाची चित्रफीत चांगली लांबलचक आहे. तीत मी मंगलाष्टकं संपेपर्यंत खांबासारखा उभा आहे, एकदाही जागचा ढळलो नाही. आल्यागेल्याला मी ती हौसेनं लावून देतो. पण घरातल्यांना धीर नाही. सुनंदा माझ्या हातून रिमोट घेते, पाहुण्यांना दोन ग्लास पाणी देते आणि थेट शेवटची पाठवणी लावते.