दोघांत थोडं थोडं

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, ऑफिसातल्या कुणाला तर नाहीच नाही. आणि आज सांगतेय तेही मन हलकं करायला नव्हे. माझं मन चांगलं दणकट आहे, त्याला असले लाड लागत नाहीत. सांगतेय, कारण परवा ऑफिसात नव्या आलेल्या मुलीला मी एक वाक्य शिकवलं, आणि शिकवताना माझा आवाज असा काही गोड लागला की माझा मलाच संताप आला.

वाक्याकडे येते. जरा दम धरा.

विश्रांतवाडीत औषधांच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे. स्टार्टअप म्हणायचं त्याला. म्हणजे काय, तर दोन खोल्या, एक एसी, भिंतीला लावलेला पांढरा बोर्ड, आणि लहानथोर सगळ्यांनी एकमेकांना नावानं हाक मारायची. मला मात्र सगळे मेघनाताई म्हणतात, माझं वय त्यांच्या आयांच्या आसपास जातं म्हणून. ज्यांना मूल होत नाही आणि मोठ्या हॉस्पिटलची ज्यांना ऐपत नाही — किंवा ऐपत आहे पण तिथे पाय ठेवायची हिंमत नाही — अशा जोडप्यांना आम्ही उपचारांपर्यंत नेतो. तपासण्या घराजवळ, इंजेक्शन द्यायला नर्स घरी, पैसे हप्त्यानं. आणि या सगळ्यात फोनवर बोलणारं एक माणूस लागतं. ते माणूस मी. आधी बरीच वर्षं दवाखान्यात रिसेप्शनला काढली होती, घाबरलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

रिपोर्ट मोबाइलवर यायचे, इंग्रजीत. ते कोण वाचतंय? शिकलेले असोत नाहीतर नसोत, रिपोर्ट आला की नवरा-बायको माझ्या फोनची वाट बघत बसायचे. मी मराठीत सांगेन तो रिपोर्ट. हे लक्षात असू द्या, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

आता पुरुषांबद्दल बोलते. राग आला तर येऊ द्या.

सुरुवातीला मी खरं तेच सांगायची. दोष नवऱ्यात असला तर नवऱ्यात आहे म्हणायची. काय व्हायचं? नवऱ्याचा फोन बंद. मग दोन दिवसांनी बायको गच्चीवरून हळू आवाजात बोलायची — "हे नको म्हणतात हो, ताई." संपला विषय. बाईच्या सगळ्या तपासण्या निमूट व्हायच्या, नळ्या काय, रक्त काय, सोनोग्राफी काय. नवऱ्याची एकच तपासणी, तीही सुई न टोचणारी, आणि तिथे गाडं अडायचं. मर्दानगी म्हणे! अशी कित्येक घरं माझ्या डोळ्यांदेखत निसटली. त्या बायकांना आजही मूल नसेल. खरं बोलून मी त्यांचं काय भलं केलं, सांगा ना?

मग एकदा तोंडून ते वाक्य गेलं. समोरचा नवरा फोन आपटायच्या बेतात होता, आणि मी म्हटलं, "तसं काही नाही हो, दोघांत थोडं थोडं आहे." मग तो म्हणाला, "बरं. मग कधी यायचं?"

बस्स. एवढंच लागत होतं. एकट्याचं नको होतं, अर्धं चालत होतं.

कंपनी चालवणाऱ्या रोहनला मी हे सांगितलं, तर तो उडालाच. त्यानं ते वाक्य बोर्डवर लिहिलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या डॉक्टर मॅडमनी भुवया वर केल्या आणि पुढची फाइल उघडली. त्यानंतर नवरे यायला लागले. उपचार पुरे व्हायला लागले. बाळांचे फोटो यायला लागले. खोटं होतं का ते वाक्य? होतं. धडधडीत खोटं. मला त्याची लाज वाटते का? — नाही वाटत. ज्याला वाटत असेल त्यानं एक दिवस माझ्या खुर्चीत बसावं आणि मग मला सत्याचं महत्त्व शिकवावं.

झालं, इथे थांबले तर किती बरं होईल. चांगल्या कामासाठी खोटं बोलले, हा एवढाच माझा गुन्हा. तुम्हीही मान डोलवाल. पण इथे थांबायला मी हे सुरूच केलेलं नाही.

वैशाली वाघोलीची. बालवाडीत शिकवायची. बोलताना प्रत्येक वाक्याला हसायची सवय. नवरा सचिन एका गोदामात सुपरवायझर, स्वभावानं गरीब, आईच्या शब्दाबाहेर नसलेला. त्यांच्या घरात फोन आला की स्पीकरवर टाकायची पद्धत होती. मी रिपोर्ट सांगायला फोन केला तेव्हा मागे सासूबाईंच्या बांगड्या वाजताना मला ऐकू येत होत्या.

वैशालीचं सगळं उत्तम होतं. काही म्हणजे काही दोष नव्हता. जे होतं ते सगळं सचिनमध्ये होतं.

मी म्हटलं, "दोघांत थोडं थोडं आहे."

आता हे ऐका. उपचारात इंजेक्शनं बाईलाच घ्यावी लागतात, दोष नवऱ्यात असला तरी. बीजं तिची काढायची असतात ना. म्हणजे शेजारपाजारच्यांना दिसतं काय? नर्स येते ती सुनेला टोचायला. फुगते सून, पडून राहते सून. सचिन आपला डबा घेऊन कामावर. दोघांतलं थोडं थोडं आठवडाभरात एकट्या वैशालीचं झालं. सचिननं कधी तोंड उघडलं नाही. त्याला खरं कळलं होतं की नव्हतं, देव जाणे. त्यानं मला कधी विचारलं नाही, आणि मी कोणत्या तोंडानं त्याला बोलू?

असं होईल हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. मी याच गावात वाढले, याच लोकांत नांदले. त्या वाक्यातला कुणाचा वाटा टिकणार आणि कुणाचा उडून जाणार, हे मला पहिल्या दिवसापासून पक्कं माहीत होतं. नणंदेच्या डोहाळजेवणात सासूबाईंनी वैशालीला ओटी भरू दिली नाही, वाढायला मात्र उभं केलं. आमच्या नर्सनं येऊन मला सांगितलं. मी म्हटलं, "अगं, एकदा मूल होऊ दे, सगळं विसरतील." आणि पुढचा फोन लावला.

मूल झालं. मुलगी. बारशाला मला आग्रहानं बोलावलं. वैशालीनं माझा हात धरून सगळ्या बायकांमधून फिरवलं, आणि प्रत्येकीला सांगितलं, "या मेघनाताई. माझ्यात दोष होता ना, यांनी मार्ग काढला." हसत हसत सांगत होती हो! सासूबाईंनी मला खुर्ची दिली, नारळ दिला, ताटात जिलबी वाढली. मी ती खाल्ली. चांगली झाली होती.

ही झाली एक गोष्ट. पण तीही मी गिळली असती — बाळ पाळण्यात होतं, आई हसत होती, माझं काय बिघडत होतं? बिघडलं ते पुढे.

वैशालीला धाकटी बहीण. पल्लवी. आईबाप लवकर गेलेले, तिला वैशालीनंच वाढवलेली, लग्नानंतरही आपल्याजवळच ठेवलेली. पल्लवीचं स्वारगेटच्या एका मुलाशी जमत आलं होतं. पाहणं झालं, दोघं बाहेर भेटले, पोरीला मुलगा मनापासून आवडला होता. आणि मुलाच्या मावशीच्या कानावर गेलं — मोठीत दोष होता, इंजेक्शनं घेऊन मूल झालं, मग धाकटीचं काय? ते लोक तोडून काही बोलले नाहीत. विचार करतो म्हणाले. आपल्याकडे विचार करतो म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

वैशालीनं मला फोन केला. त्या दिवशी मात्र हसली नाही. म्हणाली, "ताई, तुम्ही एकदा त्यांच्याशी बोलाल का? माझा दोष बहिणीत उतरत नाही, एवढंच सांगा. तुमचं ऐकतील."

मी काय म्हणाले असेन?

मी म्हणाले, "पेशंटबद्दल आम्हाला बाहेर बोलता येत नाही गं. नियम आहे."

नियम! आहेच नियम, आणि चांगला आहे. सचिनचं गुपित सचिनचं, ते मला कुणाला सांगता आलं नसतं, कबूल. त्या मावशीकडे जायलाही मी बांधलेली नव्हते, तेही कबूल. पण वैशालीचा रिपोर्ट वैशालीचाच होता. त्याच फोनवर, त्याच क्षणी, सचिनचं नावही न घेता मी तिला म्हणू शकत होते, बाई, तुझ्यात काहीही दोष नाही, कधी नव्हता, हे तुझ्या तोंडानं सांग त्यांना. एक वाक्य. खरं वाक्य. कुठला नियम आडवा येत होता?

कुठलाच नाही. मला त्या घरात देवमाणूस म्हणून राहायचं होतं, एवढंच. खुर्ची, नारळ, जिलबी. खरं बोलले असते तर ती विचारणार होती, मग तेव्हा तसं का सांगितलंत? आणि माझ्याकडे पाहायची तिची नजर बदलणार होती. नोकरीची भीती नव्हती, रोहनची तर नव्हतीच नव्हती. भीती वाटली ती एका बालवाडीच्या बाईची, जी मला ताई म्हणायची. त्या भीतीपायी मी तिच्या बहिणीचं लग्न मोडू दिलं.

मोडलं. पल्लवी वैशालीला "तुझ्यामुळे" म्हणाली आणि घर सोडून मैत्रिणींबरोबर राहायला गेली. नोकरी करते, बरी आहे म्हणतात. वैशालीशी बोलत नाही. भाचीच्या वाढदिवसालाही येत नाही. जिला लेकीसारखी वाढवली ती पोर रस्त्यात दिसली तर फुटपाथ बदलते. वैशालीनंच हे मला सांगितलं, माझ्याजवळ मन मोकळं करायला म्हणून! मी ऐकून घेतलं. "वेळ जाऊ दे, निवळेल," असंही म्हणाले. लबाड बाई मी, दुसरं काय?

त्यालाही आता काही वर्षं झाली. यादरम्यान मी तिला कितीदा तरी फोन करू शकले असते. नाही केला. तुम्हाला वाटेल, आता हे सांगून झालं की करीन. वाटू दे. मी असला काही शब्द देत नाही. आणि माफी मागणार नाही. मागितली तर ती वैशाली देऊन टाकेल, हसत हसत, आणि मग मी झोपेन सुखानं. तेवढं सुख मला नको आहे. ते वाक्य बाकी अजून चालू आहे. परवाच तर शिकवलं. नवी मुलगी हुशार निघाली, तिनं विचारलं, "पण ताई, बायकोचे रिपोर्ट चांगले असले तर तिला नंतर कोण सांगतं?" मी म्हटलं, चहा घे आधी.

आज सकाळी वैशालीचा फोटो आला. मुलगी शाळेच्या गणवेशात, दप्तर पाठीपेक्षा मोठं, पुढचा दात पडलेला. खाली लिहिलंय, "तुमच्यामुळे, ताई."

पल्लवी बहिणीला जे "तुझ्यामुळे" म्हणाली, तेही खरं तर तिनं मलाच म्हणायला हवं होतं. बिचारीनं ते चुकीच्या घरी टाकलं, आणि वैशालीनं ते मुकाट्यानं ठेवून घेतलं.

मी फोटो मोठा करून बघितला. मग खाली लिहिलं, "गोड आहे गं पोर," आणि पाठवून दिलं.